नुसती सिरिंज मागणाऱ्या पोराला काय द्यायचं आणि कसं

गगनबावडा रोडला माझं मेडिकल आहे, दहा-बारा वर्षं झाली. पहिली चार-पाच वर्षं माझा एक ठरलेला डायलॉग होता. पोरगं विशी-पंचविशीचं, तोंडओळखीचं, औषध काहीच नको आणि नुसती सिरिंज पाहिजे, असं दिसलं की नशेसाठीच असणार म्हणून मी म्हणायचो "संपल्यात." मागं रॅकवर बॉक्स भरलेला असायचा, पोरालापण दिसायचा, तरी मी आपलं संपल्यात. घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज तिघांना परत पाठवलं, जसं काय मी गाव वाचवलं.

मग एकदा गल्लीतल्या एका मामांच्या गोठ्यात म्हशीची औषधं द्यायला गेलो. मामा वैतागलेले, म्हणाले अरे डॉक्टरनं म्हशीसाठी ठेवलेल्या सुया कोण नेतंय कळंना झालंय. दोन दिवसांनी त्यांनाच मोटारीच्या खोलीमागं पोरं सापडली, तिघं, सिरिंज एक, तीपण गोठ्यातली, जाड सुईची. त्यातल्या दोघांना मीच त्या आठवड्यात परत पाठवलं होतं. म्हणजे मी नाही म्हटलं म्हणून डोस काय थांबला नव्हता, सुई तेवढी म्हशीची आली.

त्या दिवसापासनं मी जे शिकलो, चुकलो, वाचलं, डॉक्टर लोकांना विचारलं ते इथं लिहितोय. मेडिकलवाले, आशाताई, तालमीतले वस्ताद, जिमवाले, ज्यांचा भाऊ नाहीतर मित्र यात आहे ते, सगळ्यांसाठी आहे. इंजेक्शन कसं घ्यायचं हे यात नाही, ते विचारूपण नका.

आधी आपल्याकडं काय चालतं ते बघा. पंजाब किंवा मणिपूर म्हटलं की लोकांना हेरॉइन डोळ्यासमोर येतं, आणि मणिपूरमध्ये १९८९-९० च्या सुमाराला सुई टोचणाऱ्यांमध्येच एचआयव्ही झपाट्यानं पसरला होता हे खरंच आहे. आपल्या भागात मात्र गोष्ट वेगळ्या वाटेनं येते. कुणी दुखण्याच्या इंजेक्शनावर अडकलेला असतो, आणि लई जण जिम, पोलीस भरतीची पळापळ, बॉडी या नादात मेफेन्टरमाइन घेतात, जे ऑपरेशनच्या वेळी बीपी पडला तर भूलतज्ज्ञ देतात ते औषध. पळताना दम लागत नाही म्हणून घेतात आणि मग बीपी आणि छातीची धडधड हाताबाहेर जाते. पेपरात अशा इंजेक्शनांचा साठा पकडल्याच्या बातम्या अधनंमधनं येतातच. यात तालमींना बदनाम करायचं नाही, ज्यानं लाल मातीत आयुष्य घातलं तो वस्ताद असल्या पोराला हौदात उतरू देत नाही. खरं त्याच पोराला जिमच्या पार्किंगमध्ये कोण अडवणार? गंमत म्हणजे ही पोरं स्वतःला नशेडी समजतच नाहीत, "आम्ही काय गर्दुल्ले हाय का" म्हणतात, म्हणून एचआयव्हीचं पत्रक त्यांच्या हातात दिलं तर ते कागदाचं विमान करतात.

आता शेअरिंग, म्हणजे एकाची सुई दुसऱ्यानं वापरणं, होतं कसं ते नीट समजून घ्या, कारण हे कळल्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे. गणपतीला वर्गणी काढतो तशी इथं वर्गणी निघते. चौघांनी पैसे घातले, औषधाची एक बाटली आली. बाटली सामायिक म्हणून मग वाटपपण सामायिक, आणि सुया किती, तर जेवढ्या त्या वेळी खिशात होत्या तेवढ्या. रात्री साडेनऊला मेडिकल बंद, दुसरं मेडिकल आठ किलोमीटरवर, तिथं ओळख निघणार. मग कोण म्हणतं "आपल्यातलाच हाय की", आणि झालं. वाईट बुद्धी कुणाचीच नसते. मी विचारलेल्या एकानंपण असं सांगितलं नाही की मला दुसऱ्याची सुई आवडते म्हणून, सगळे हेच म्हणाले की नव्हती, मिळाली नाही, मागायची लाज वाटली.

शहरात माणसाला शंभर दुकानं असतात, एकानं नाही म्हटलं की दुसरीकडं, कुणी ओळखत नाही. गावात मेडिकल एक, आणि मेडिकलवाला बापाचा दोस्त. बातमी एसटीच्या आधी घरी पोचते. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभरावर किलोमीटर, वडापनं या, अख्खा दिवस घालवा, मजुरी बुडवा, आणि तेपण एका पाच-दहा रुपयांच्या वस्तूसाठी, कोण येईल? म्हणून खेड्यात सुई हातात असणं-नसणं यावरच शेअरिंग ठरतं.

याचा सगळ्यात भयानक धडा अमेरिकेतल्या एका खेड्यानं घेतलाय आणि तो मी सगळ्यांना सांगतो. इंडियाना राज्यात स्कॉट काउंटी म्हणून भाग, त्यात ऑस्टिन हे गाव, वस्ती चार हजारांच्या वर थोडी, म्हणजे आपल्याकडचं मध्यम गाव. तिथं दुखण्याच्या भारी गोळ्या विरघळवून इन्सुलिनच्या सिरिंजनं टोचून घ्यायचे, आणि त्या राज्यात सुया वाटायचे कार्यक्रम कायद्यानं बंद. वर्षाला पाचाच्या आत एचआयव्हीच्या केसेस निघायच्या त्या भागात २०१४ च्या शेवटापासनं २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत १८१ केसेस निघाल्या. एकेका वेळी एक ते सहा साथीदार, दिवसाला चारपासनं पंधरापर्यंत टोचण्या, आणि काही घरांत आजी, आई, मुलगी अशा तीन पिढ्या एका जागी. बहुतेकांना हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातनं पसरणारी एक कावीळ, तीपण सोबत. शेवटी २६ मार्च २०१५ ला गव्हर्नर माइक पेन्स, जे पुढं उपराष्ट्रपती झाले, त्यांनी आणीबाणी जाहीर करून सुया द्यायला परवानगी दिली आणि एप्रिलपासनं त्या मिळायला लागल्या. आधी विरोध करणारा माणूस होता तो, खरं गावच आजारी पडल्यावर काय करणार. सुया, तपासणी, औषधोपचार सगळं एका ठिकाणी सुरू झालं तसं शेअरिंग उतरलं आणि नव्या केसेस आटल्या. आणि मजा बघा, २०२१ मध्ये तिथल्याच पुढाऱ्यांनी मत टाकून तो कार्यक्रम बंद करायचं ठरवलं. पाऊस थांबला की छत्री विकायची, आपल्याकडंपण असंच करतात लोक.

मग करायचं काय.

मेडिकलवाल्यांनो, पहिलं म्हणजे "संपल्यात" बंद करा. सिरिंजला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. चिठ्ठी लागते ती औषधाला, शेड्यूल एच वगैरे, तिथं अजिबात ढिलाई नको, चिठ्ठी नसेल तर मेफेन्टरमाइन काय साधं दुखण्याचं इंजेक्शनपण देऊ नका, बिल करा, रजिस्टर ठेवा. लोक या दोन गोष्टींची मिसळ करतात. औषध अडवायचं, सुई अडवायची नाही. मी उलटं करत होतो, सुई अडवत होतो आणि औषध दुसरीकडनं येतच होतं.

दुसरं, कुठली सिरिंज ते विचारा, आणि ते कोर्टातल्या वकिलासारखं नाही तर चप्पल दुकानात नंबर विचारतात तसं. इन्सुलिनच्या सिरिंजला सुई कायमची चिकटलेली असते आणि दट्ट्या पूर्ण दाबला की आत जवळजवळ काहीच उरत नाही. सुई वेगळी बसवायच्या सिरिंजमध्ये सुईच्या बुडाशी पोकळी असते, तिथं रक्त अडकून राहतं, म्हणून चुकून शेअर झालीच तर धोका तिच्यात जास्त. हे डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनंपण सांगितलंय. खरं जो दंडात नाहीतर कमरेत स्नायूमध्ये घेतोय त्याला इन्सुलिनची आखूड सुई देऊन उपयोग नाही, ती पोचतच नाही, मग तो तुमची सुई कचऱ्यात टाकून मित्राची लांब सुई घेणार. मी सहा महिने सगळ्यांना इन्सुलिनचीच देत होतो, शहाणपणा करून, आणि मग कळलं की जिमची पोरं येणंच बंद झाल्यात. आता दोन्ही ठेवतो.

तिसरं, किती द्यायच्या. एक मागितली तर एकच असं करू नका, आणि "जुनी दे मग नवी देतो" हा हिशोबपण नको. जुनी खिशात घेऊन येणं म्हणजे वाटेत नाक्यावर पोलिसांनी खिसा तपासला तर काय, या भीतीनं पोरगं येतच नाही. जगभर जिथं जिथं हे काम चांगलं झालंय तिथं ज्याला जेवढ्या लागतात तेवढ्या हाच नियम आहे. डब्ल्यूएचओचं टार्गेट माणशी वर्षाला २०० होतं, मग ३०० केलं. ऐकायला लई वाटतं, पण दिवसाला दोनदा घेणारा असला तर वर्षाला ७३० लागतात, मग कमीच आहेत की. दहाचं पाकीट करून ठेवा, शनिवारी जास्त खपतात.

चौथं, तोंड बंद. हे लिहायला सोपं आहे आणि करायला महाकठीण, कारण आपण गावातली माणसं, चहा घेताना सहज निघून जातं, "तुमच्या बारक्याला काय डायबेटीस हाय काय?" माझ्याच तोंडनं एकदा अर्धं वाक्य निघालं होतं आणि त्या पोरानं माझं दुकान सोडलं ते सोडलंच, वर्षभर. आता खाकी पिशवीत, बाकीच्या गिऱ्हाइकासारखंच, "अजून काही?" एवढंच विचारायचं. काउंटरवर पोरगा ठेवला असेल तर त्यालापण शिकवा. बारा वाजता दुकान गच्च असतं तेव्हा कुणी येत नाही, दुपारी तीन ते चार आणि रात्री बंद करायच्या आधी येतात, ती वेळ ओळखा.

पाचवं, माझ्या मते सगळ्यात कामाचं. प्रत्येक टोळीत एक पोरगं असतंय जे मेडिकलला यायला लाजत नाही, तेच सगळ्यांसाठी आणतं. लोकांना वाटतं हा दलाल. खरंतर हाच आपला माणूस. त्याला चाळीस सुया द्या, पन्नास द्या, त्याच्या मागं दहा जण असतात जे तुमच्या दारात मेले तरी येणार नाहीत, बायकापण असतात त्यात, आणि बाईला तर मेडिकलमध्ये नुसती सिरिंज मागणं म्हणजे संपलंच. नवऱ्यानं टोचून घेतल्यावर तीच सुई बायकोला, हे मी ऐकलंय. त्या पोराला दोन गोष्टी शिकवल्या की त्या दहा घरांत पोचतात. माझं भाषण दहा घरांत कोण ऐकणार?

आता त्या दोन गोष्टी. एक, सुई नवी असली तरी बाटली सामायिक असते हे लोक विसरतात. वापरलेली सुई पुन्हा बाटलीत घातली की बाटलीच खराब, मग पुढचे चार जण नव्या सुया घेऊन बसले तरी तेच रक्त वाटून घेतात. म्हणून बाटलीत जाणारी सुई नेहमी कोरी, आणि वाटप करायचं ते टोचायच्या आधी, कोऱ्या सुईनं. जे विरघळवून घेतात त्यांच्यात चमचा, कापूस, पाणी हे तिन्ही आपापलं पाहिजे. "आम्ही सुई शेअर करत नाही" असं छातीठोक सांगणारी पोरं एकाच वाटीतलं पाणी घेतात. हिपॅटायटिस सीचा व्हायरस लई चिवट, मोठ्या पोकळीच्या सिरिंजमध्ये तो प्रयोगशाळेत ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय. दोन महिने! म्हणजे दिवाळीत कपाटावर ठेवलेली सुई नाताळला काढली तरी त्यात तो असू शकतो.

दुसरी गोष्ट, धुण्याची. "गरम पाण्यानं धुतली, आता चालतंय" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. गरम पाण्यानं काय होत नाही. नवी मिळायचा काहीच मार्ग नसेल तेव्हाचा अगदी शेवटचा उपाय म्हणून स्वच्छ थंड पाण्यानं रक्त दिसेनासं होईपर्यंत धुणं, मग पाणी न घातलेलं ब्लीच भरून निदान तीस सेकंद हलवणं, ते टाकून देऊन परत नव्या पाण्यानं धुणं असं सांगतात. खरं यानं हिपॅटायटिस सी जाईलच याची खात्री नाही, आणि बारीक इन्सुलिन सिरिंज तर नीट धुतच नाही. म्हणून मी हे सांगताना लगेच म्हणतो, त्यापेक्षा रात्री अकराला फोन कर, मी शटर उचलतो. दोनदाच उचलावं लागलं आतापर्यंत.

वापरलेल्या सुयांचं काय, तर फिनेलची नाहीतर टॉयलेट क्लीनरची जाड बाटली घ्या, मिनरल वॉटरची नको, ती टोचते. सुई टोपण न लावता सरळ आत टाका, टोपण परत लावतानाच बोटाला लागतं. पाऊण भरली की झाकण घट्ट, वरनं चिकटपट्टी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर जिथं दवाखान्याचा कचरा जातो तिथं आधी विचारून द्या. घंटागाडीत सुट्टी टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात जाते ती. उसाच्या फडात तर अजिबात नको, तोडणीवाल्यांची लेकरं अनवाणी फिरतात तिथं.

तपासणी. एचआयव्हीची तपासणी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात, ग्रामीण रुग्णालयांत फुकट होते, आधी समुपदेशक बोलतो, मग रक्त. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासनं लागू आहे, त्यात संमतीशिवाय तपासणी नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवायचा असं स्पष्ट आहे, पोरांना हे सांगा, नव्वद टक्के भीती तिथंच असते. शेअर केल्यानंतर आठवड्यात निगेटिव्ह आला म्हणून नाचू नका, तीन महिन्यांनी परत करायची. आणि शेअरिंग कालच झालं असेल, समोरचा पॉझिटिव्ह असायची शक्यता असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरला गाठा, जितकं लवकर तितकं बरं, २८ दिवसांची औषधं असतात, पोरगं सोमवारी बघू म्हणतं आणि सोमवारी वेळ गेलेली असते. हिपॅटायटिस सीसाठी सरकारचा कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, तपासणी आणि गोळ्या फुकट, बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या आणि आजार बरा, शंभरातले नव्वदच्या वर बरे होतात. बरा झालेला माणूस परत शेअर केलं तर परत आजारी पडतो हे मात्र सांगत जा. हिपॅटायटिस बी या दुसऱ्या काविळीला लस आहे, तीन डोस.

ज्याला सोडायचंय त्याच्यासाठी १४४४६ हा नशामुक्तीचा नंबर, आणि १०९७ हा एड्स कंट्रोलचा, जवळचं केंद्र कुठलं ते तिथं विचारा. अफूच्या जातीची इंजेक्शनं घेणाऱ्यांना जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज केंद्रात देतात, तलफ आणि अंग मोडणं थांबतं, सुईच लागत नाही, शेअरिंगवर यासारखा दुसरा उपाय नाही. मेफेन्टरमाइनवाल्याला त्या गोळीचा उपयोग नाही, त्याला मानसोपचारवाल्याकडं आणि बीपी, हृदयाच्या तपासणीला न्या. आणि कुणी निळा पडला, घोरल्यासारखा अडखळत श्वास घेतोय, हलवून उठत नाही, तर कुशीवर वळवा, १०८ लावा, आणि काय घेतलंय ते खरं सांगा. तोंडावर पाणी, कांदा हुंगवणं यात वेळ घालवू नका.

आता सरपंच आणि पोलीस. "तुम्ही नशेला खतपाणी घालताय" हे ऐकून घ्यावं लागणारच, मला माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं सुनावलं. मी भांडत नाही. अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा आकडा सांगतो की सुया देणाऱ्या केंद्रात नव्यानं येणाऱ्या लोकांची न येणाऱ्यांपेक्षा उपचाराला जायची शक्यता पाच पट, आणि सोडायची शक्यता तीन पट. का, तर कुणीतरी त्यांच्याशी नीट बोलतं म्हणून. एडिनबरामध्ये १९८० च्या दशकात सुया मिळणं बंद पाडलं तेव्हा सुई घेणाऱ्यांतल्या साधारण निम्म्यांना एचआयव्ही झाला, आणि तिथनं जवळच्या ग्लासगोत तेव्हा आकडा लई कमी होता. आपल्या कायद्यातसुद्धा २०१७ च्या त्याच कायद्याचं कलम २२ वाचायला द्या, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं चालणाऱ्या नोंदणीकृत सुई-बदल कार्यक्रमात सुया देणं हा गुन्हा नाही, उदाहरणच दिलंय त्यात. म्हणून मंडळाच्या पोरांनी आपल्या मनानं स्टॉल मांडू नये, जिल्हा एड्स प्रतिबंध पथकाला नाहीतर १०९७ ला विचारून, त्यांच्या कामाला जोडून करावं. मेडिकलवाल्यानं बिल करून सिरिंज विकणं हे वेगळं, ते साधं दुकान आहे.

पोलिसांशी मी एवढंच बोललो, पोराच्या खिशात कोरी सिरिंज सापडली तर ती काढून घेऊ नका साहेब, ती काढली की रात्री तो दुसऱ्याची घेणार. साहेब काही बोलले नाहीत. चहा मात्र घेतला.

त्या मोटारीच्या खोलीमागच्या तिघांपैकी एक जण आता रविवारी येतो, बाटली घेऊन, चिकटपट्टी लावलेली. सोडलेलं नाही त्यानं, कमी केलंय म्हणतो, मी खरं-खोटं करत बसत नाही. परवा पाकीट घेऊन निघाला, दारात थांबला, आणि विचारलं, ती काविळीची लस असते म्हणे, कितीला पडते. म्हटलं उद्या नऊला आरोग्य केंद्रापाशी ये, मिळते का विचारू, दुकान मी दहाला उघडतो.